आधी प्लॉटचा उतार मोजा, थ्रीडी चित्र मग काढा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण साइटच्या जमिनीचं थ्रीडी मॉडेल कसं तयार करायचं ते स्क्रीनवर बघितलं. पण व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात आणि या कामात खरी मजा आकड्यांतच आहे. म्हणून तोच धडा इथे हिशेबासकट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका गोदामाचं थ्रीडी काम माझ्याकडे आलं. मी घरी बसून गूगल अर्थवरून उंची घेतली, सॉफ्टवेअरमध्ये जमीन तयार केली, वर शेड ठेवली, झाडं लावली, एक ट्रकही उभा केला. मालक खूश, मीही खूश. पहिल्या मोठ्या पावसात शेडच्या मागच्या दारातून पाणी आत शिरलं आणि खालच्या थरातली हळदीची पोती भिजली. माझ्या मॉडेलमध्ये उतार रस्त्याकडे होता. जमिनीवर तो मागच्या बाजूला होता. मालक मला एक शब्दही बोलला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. थ्रीडीचे पैसे मी परत केले. पोत्यांचे कुठून करणार?

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. उपग्रहावरून मिळणारी मोफत उंची कशी तयार होते, हेच मला माहीत नव्हतं. २००० साली नासाच्या स्पेस शटलवरून रडारने पृथ्वीची उंची मोजली गेली, तिला एसआरटीएम म्हणतात. त्यातली आपल्याला मिळणारी माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांची आहे. एका चौकोनाला एकच उंची. आपला प्लॉट किती असतो? २० बाय ३० मीटर. म्हणजे अख्खा प्लॉट एका चौकोनात मावतो! त्यात उतार कुठून दिसणार? शिवाय त्या उंचीत काही मीटरचा फरक असू शकतो, आणि आपला सगळा खेळ इंचांचा. इस्रोच्या भुवन पोर्टलवरची मोफत उंचीसुद्धा साधारण याच मापाची आहे. धरणाचं पाणलोट क्षेत्र, डोंगर, गावाशेजारून जाणारी नदी बघायची असेल तर ती उत्तम. इसापूर धरणाच्या वरच्या बाजूला पाणी कुठून कुठे येतं, ते तिच्यावरून छान कळतं. प्लिंथ किती उंच घ्यायची, ते मात्र कळणार नाही.

सॉफ्टवेअर ते सांगत नाही, ही खरी अडचण. स्केचअपमध्ये लोकेशन जोडलं की जमीन आपोआप येते, वर हवाई फोटो चिकटलेला असतो आणि सगळं एकदम खरं वाटतं. ते फक्त आजूबाजूचा परिसर दाखवायला वापरा. प्लॉटची जमीन स्वतः मोजायची.

आता कळमनुरीचं उदाहरण घेऊ. हिंगोलीहून नांदेडकडे जाताना कळमनुरीच्या आसपास रस्त्याकडेला जागा घेऊन गोदाम, गॅरेज, हॉटेल टाकायचं स्वप्न बरेच जण बघतात. रस्ते रुंद होतात, दर वेळी थर चढतात आणि कडेचे प्लॉट रस्त्याच्या खाली जातात. समजा तुमच्या ग्राहकाचा असाच एक प्लॉट आहे. रस्त्यालगत २० मीटर, खोली ३० मीटर. ६०० चौरस मीटर म्हणजे सहा गुंठ्यांना थोडा कमी. ग्राहक म्हणतो, "सर, दोनेक फूट भर टाकली की झालं." हे "दोनेक फूट" लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोजायला काय लागतं? ऑटो लेव्हल, तिचा ट्रायपॉड, स्टाफ, टेप आणि एक माणूस. जुने मिस्त्री अजून तिला डंपीच म्हणतात. टोटल स्टेशन लगेच घेऊ नका, त्यात काही लाख जातात. सुरुवातीला लेव्हल भाड्याने आणा. आणल्यावर पहिलं काम म्हणजे ती खरं बोलते का हे तपासणं. साधारण ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. लेव्हल बरोबर मध्ये ठेवून दोन्हींवरचं वाचन घ्या आणि फरक लिहा. मग लेव्हल एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा वाचन घ्या. फरक तोच आला तर यंत्र ठीक. दोन-चार सेंटिमीटरने वेगळा आला तर यंत्र परत करा, भाडं देऊ नका. याला टू-पेग टेस्ट म्हणतात. भाड्याची यंत्रं मोटारसायकलवर आदळत फिरलेली असतात, त्यामुळे ही टेस्ट चुकवायची नाही.

मग बेंचमार्क ठरवा, म्हणजे पुढे कधीच हलणार नाही असा एक बिंदू. पुलाचा कठडा किंवा शेजारच्या जुन्या पक्क्या इमारतीची पायरी चालेल. दगड ठेवून खूण केली आणि दुसऱ्या दिवशी जेसीबीने तो उचलला, असं नको. या बिंदूची उंची १००.००० मीटर धरायची. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची आपल्याला लागत नाही, एकमेकांतला फरक लागतो. आता हिशेब बघा. बेंचमार्कवर स्टाफचं वाचन आलं १.२४५, म्हणजे दुर्बिणीची उंची झाली १०१.२४५. पुढच्या बिंदूवर वाचन आलं १.६१०. वजा करा: ९९.६३५. ही त्या बिंदूची पातळी. स्टाफवरचा आकडा मोठा येतो तेव्हा जमीन खाली असते. नवीन मुलांचा इथेच गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगतोय. काम संपलं की पुन्हा बेंचमार्कवर स्टाफ धरून वाचन जुळतं का बघायचं. पाच-सहा मिलिमीटरचा फरक चालेल. तीन सेंटिमीटर आला तर मुकाट्याने परत मोजायचं.

कुठले बिंदू घ्यायचे, हा या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं, हे एवढं तुम्हालाच करावं लागतं.

दर ५ मीटरला चौकट आखली तर रुंदीत ५ आणि खोलीत ७ असे ३५ बिंदू होतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण सॉफ्टवेअर या बिंदूंमध्ये त्रिकोण जोडून जमीन बनवतं आणि दोन बिंदूंमधली जमीन सरळ आहे असं समजतं. आता प्लॉटमधून दीड मीटर रुंदीची, दोन फूट खोल नाली आडवी जात असेल आणि ती तुमच्या चौकटीच्या दोन ओळींच्या बरोबर मधून जात असेल, तर मॉडेलमध्ये ती नाहीच! जमीन गुळगुळीत दिसेल. चित्र सुंदर येईल आणि पावसाळ्यात पुन्हा माझ्यासारखी गत होईल.

म्हणून चौकट झाली की प्लॉटवर एकदा नुसतं चाला आणि जमीन जिथे मोडते तिथे थांबा. बांधाचा माथा आणि बांधाचा पाय, नालीचे दोन्ही काठ आणि तळ, जुन्या खड्ड्याची कड. असा प्रत्येक बिंदू घ्या, आणि रेषेत घ्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये त्यांना जोडून ब्रेकलाइन टाकता येते. ब्रेकलाइन म्हणजे "ही रेषा ओलांडून त्रिकोण बनवू नकोस" अशी ताकीद. प्लॉटच्या बाहेरचेही काही बिंदू हवेत: रस्त्याचा मध्य आणि कड, रस्त्याकडेच्या गटाराचा तळ, जवळच्या मोरीच्या पाइपचा तळ, शेजाऱ्याची प्लिंथ, मागच्या शेताचा बांध. पाणी प्लॉटची हद्द बघून थांबत नाही. मोरीचा तळ तुमच्या प्लॉटपेक्षा उंच असेल तर तुमचं पाणी त्या मोरीतून कधीच जाणार नाही, हे तेवढ्या एका बिंदूवरून कळतं. दोन माणसांना या सगळ्याला अर्धा दिवस पुरतो.

घरी आल्यावर एक्सेलमध्ये पाच रकाने करा: क्रमांक, आडवं अंतर, खोलीचं अंतर, पातळी, वर्णन. फाइल सीएसव्ही म्हणून जतन करा. अंक मात्र इंग्रजीतच टाइप करा, मराठी अंक ही सॉफ्टवेअरं आकडा म्हणून वाचतीलच असं नाही. वर्णनाचा रकाना कंटाळा न करता भरा. आठ दिवसांनी "२३ नंबरचा बिंदू इतका खाली कसा?" असा प्रश्न पडतो तेव्हा तिथे "नाली तळ" लिहिलेलं असलं की जीव भांड्यात पडतो.

आता सॉफ्टवेअर. पैसे नसतील तर क्यूजीआयएस. मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. लेयर मेनूतून डिलिमिटेड टेक्स्ट लेयरने सीएसव्ही आत घ्या, टिन इंटरपोलेशन चालवा, मग रास्टर मेनूतून कंटूर काढा. कंटूर म्हणजे सारख्या उंचीची रेषा. आपल्या प्लॉटला २० सेंटिमीटरचं अंतर ठेवा, १ मीटरचं ठेवलं तर एक-दोनच रेषा येतील आणि काही कळणार नाही. क्यूजीआयएस तुम्हाला निर्देशांक पद्धत विचारेल. खरे जीपीएस निर्देशांक असतील तर कळमनुरीसाठी यूटीएम झोन ४३ उत्तर. तुम्ही किनवट किंवा नागपूरकडे काम घेतलं तर तिथे ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे झोन ४४ लागतो. हे माहीत नसल्यामुळे प्लॉट भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

स्केचअपच्या डेस्कटॉप आवृत्तीत सँडबॉक्स नावाची हत्यारं आहेत. कंटूर रेषा आत आणा. त्या सपाट आल्या तर प्रत्येक रेषा तिच्या उंचीवर उचला, सगळ्या निवडा आणि फ्रॉम कंटूर्स दाबा. जमीन तयार. इमारतीचा पाया जमिनीत बसवायला स्टँप, रस्त्याची रेषा जमिनीवर पाडायला ड्रेप. स्मूव्ह नावाचं एक हत्यार आहे, त्याने हवी तशी टेकडी ओढता येते. यूट्यूबवर ते भरपूर दाखवतात. मोजलेल्या जमिनीला त्याने हात लावू नका, एवढी माझी विनंती आहे.

रेव्हिट वापरणाऱ्या आर्किटेक्टला फाइल द्यायची असेल तर आधी क्रमांकाचा रकाना काढा, म्हणजे तो तुमची सीएसव्ही आत घेऊ शकतो. रेव्हिट २०२४ पासून जमिनीच्या जुन्या टोपोसरफेसच्या जागी टोपोसॉलिड आलं, म्हणजे जमीन नुसता पत्रा न राहता जाडी असलेला ठोकळा झाली. फाइल घेताना रेव्हिट एकक विचारतं. तुम्ही मीटरमध्ये मोजलं आणि त्याने फूट निवडलं, तर ३० मीटरचा प्लॉट ३० फुटांचा होतो. म्हणून फाइलच्या नावातच "मीटर" लिहा. दुसरं, यूटीएमचे लाखांतले आकडे जसेच्या तसे स्केचअप किंवा रेव्हिटमध्ये टाकू नका. मूळ बिंदूपासून इतक्या लांब मॉडेल गेलं की रेषा थरथरतात, तुटतात. प्लॉटचा एक कोपरा शून्य-शून्य धरा.

इथपर्यंत चित्र झालं. ग्राहक पैसे देतो ते पुढच्या गोष्टीसाठी.

हिशेब सोपा जावा म्हणून आपल्या प्लॉटला सरळ उतार धरू. रस्त्याकडची बाजू १००.००, मागची बाजू ९८.८०. तीस मीटरमध्ये १.२० मीटर खाली, म्हणजे २५ ला १. चालताना हा उतार डोळ्याला फारसा जाणवत नाही. आता अख्खा प्लॉट १००.३० पर्यंत भरायचा म्हटलं तर पुढे ०.३० मीटर भर, मागे १.५० मीटर. सरासरी ०.९० मीटर. गुणिले ६००, म्हणजे ५४० घनमीटर. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. ५४० भागिले २.८३, सुमारे १९१ ब्रास.

ग्राहकाचे "दोनेक फूट" आठवतात? सरसकट दोन फूट धरले तर १२९ ब्रास होतात. फरक ६२ ब्रासचा! सोपं जावं म्हणून ब्रासला हजार रुपये धरा (तुमच्याकडचा दर तुम्ही टाका), तर ६२ हजार रुपये त्याच्या हिशेबातच नव्हते. शिवाय १९१ हे रोलिंग करून दाबल्यानंतरचं माप. ट्रकमधून येतो तो सुटा मुरूम, तो दाबल्यावर बसतो. किती बसेल ते मुरमावर आणि रोलिंगवर ठरतं. मी वीस टक्के वाढीव धरून सुरुवात करतो.

इथे मॉडेलचा खरा उपयोग सुरू होतो, कारण आता दुसरा पर्याय पाच मिनिटांत तपासता येतो. गोदाम पुढच्या १५ मीटरमध्येच बसवलं आणि तेवढाच भाग भरला तर? भर ०.३० पासून ०.९० पर्यंत, सरासरी ०.६०, क्षेत्र ३००. म्हणजे १८० घनमीटर, ६४ ब्रास. मागचा भाग आहे त्या उतारावर ठेवायचा, तिथे हळद वाळवायचं खळं होतं आणि पाणी आपोआप निघून जातं. मध्ये तीन फूट उंचीची, २० मीटर लांबीची भिंत मात्र बांधावी लागेल. १२७ ब्रास वाचले आणि एक भिंत वाढली. कुठलं परवडतं ते ग्राहक ठरवेल, पण दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवणारे तुम्ही असाल. (मुरूमवाला तुमच्यावर नाराज होईल, तेवढी तयारी ठेवा.)

सॉफ्टवेअरने दिलेलं घनमाप एकदा हाताने तपासायचं. चौकटीच्या प्रत्येक खणाच्या चार कोपऱ्यांतल्या भरीची सरासरी गुणिले २५ चौरस मीटर, आणि सगळ्या खणांची बेरीज. सॉफ्टवेअरच्या आकड्याशी दोन-तीन टक्क्यांत जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर कुठलातरी बिंदू चुकीचा टाइप झालाय. ९९.८१ च्या जागी ९८.९१ हे माझ्याकडून आजही होतं.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक भानगड आहे: काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. तिच्यावर भर टाकून वर फरशी केली तर दोन वर्षांत फरशी उचलली जाते. माळावर ती हातभर असेल, कयाधूच्या काठाकडे खोल जाते. तुमचं मॉडेल वरचा पृष्ठभाग दाखवतं, खाली मुरूम किती खोल आहे ते नाही. म्हणून इंजिनिअरला सांगून प्लॉटवर तीन-चार ठिकाणी खड्डे घ्यायला लावा. मुरूम जिथे लागतो त्याची पातळी त्याच लेव्हलने मोजा आणि मॉडेलमध्ये तिचा दुसरा पृष्ठभाग बनवा. वरची जमीन आणि खालचा मुरूम यांच्यातलं घनमाप म्हणजे काढून टाकायची काळी माती. ही माती शेतकरी आनंदाने नेतात, पण ती काढल्यावर तेवढीच भर वाढते, आणि ते ग्राहकाला आधी माहीत हवं. पाया किती खोल, कसा, हे मात्र इंजिनिअरचं काम. तुम्ही पातळ्या द्या, सल्ला देऊ नका.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिचे दोन हात प्रत्येकी ४ किलोमीटर लांब आणि सरळ रेषेत. चार किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईमुळे जमीन सरळ रेषेपासून सव्वा मीटर खाली जाते, म्हणजे अशा ठिकाणी पृथ्वीची गोलाईसुद्धा हिशेबात घ्यावी लागते. आपल्या ३० मीटरच्या प्लॉटवर हाच फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो, ती काळजी सोडा. पण काम हजारो कोटींचं असो की गोदामाचं, पहिली पायरी तीच, जमिनीच्या पातळ्या.

आता धंद्याचं. "सर, दर किती लावू?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. थ्रीडी चित्राचा दर लावू नका, तिथे फुकट करून देणारा पुतण्या प्रत्येकाच्या घरात असतो. एक दिवस साइट, एक दिवस कॉम्प्युटर असं धरा. लेव्हलचं भाडं, मदतनीसाची हजेरी, पेट्रोल, तुमच्या दोन दिवसांचे पैसे, आणि पुन्हा एकदा साइटवर जावं लागेल त्याची थोडी सोय. त्याखाली काम घेऊ नका. बदल्यात चार कागद द्या: कंटूरचा नकाशा, पुढून मागे आणि आडवा असे दोन छेद, भरीचा तक्ता ब्रासमध्ये, आणि शेवटी थ्रीडी. बेंचमार्कचा फोटो त्याच फाइलमध्ये लावा. सहा महिन्यांनी मिस्त्री प्लिंथची पातळी काढायला येतो तेव्हा तो फोटोच कामाला येतो.

पहिले ग्राहक घरमालक नसतील. नकाशे सादर करणारे स्थानिक इंजिनिअर, लेआउट पाडणारे, शेड फॅब्रिकेशनवाले यांच्याकडे आधी जा. शेततळ्याचंही काम आहे. ३० बाय ३० बाय ३ मीटर, बाजूंचा उतार १ ला १ धरला तर खोदाई २,१९६ घनमीटर येते, पण ती सपाट जमिनीवर. जमीन उताराची असेल तर किती खोदायचं आणि बांध कुठे किती घालायचा, हे पातळ्या घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

एका गोष्टीपासून लांब राहा. साइटवर लेव्हल लावली की शेजारी जमतात आणि विचारतात, "आमची हद्द कुठून जाते, जरा बघा ना." बघायचं नाही. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याची. ग्राहकाकडून मोजणीची 'क' प्रत मागा, तिच्यावरच्या खुणांच्या आत काम करा आणि नकाशावर स्पष्ट लिहा: "हा नकाशा पातळ्यांसाठी आहे, हद्दीसाठी नाही." आणखी एक, तुमच्या भरीमुळे शेजाऱ्याच्या शेतातून येणारं पाणी अडत असेल तर ते कंटूरवर लगेच दिसतं. ते ग्राहकाला आधीच दाखवा आणि कडेने नालीला जागा सोडायला सांगा. पावसाळ्यातली भांडणं इथूनच सुरू होतात.

लेव्हल मिळाली नाही म्हणून थांबू नका. मिस्त्री वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणा, दहा मीटरची. बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन्ही टोकांचं पाणी सारखं दाखवूनही चुकेल. घरासमोरच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर ५ मीटरची चौकट आखा, वीस बिंदू घ्या, क्यूजीआयएसमध्ये टाका आणि कंटूर काढा. मग बादलीभर पाणी ओता आणि ते तुमच्या कंटूरप्रमाणे वाहतं का बघा. नाही वाहिलं, तर कुठला बिंदू घ्यायचा राहिला ते पाणीच दाखवेल. त्या मैदानाची सीएसव्ही मला पाठवा, पुढच्या शनिवारच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन उघडून सगळ्यांसमोर तपासू.